मिस कॉल किती देतात?

…आणि दीड तास मी घसा कोरडा करून सगळं समजावल्यावर बाई मला विचारते काय, तर "ते सगळं राहू दे जगदीश, ह्यात मिस कॉल किती देतात रं?" मिस कॉल! आता तुम्हीच सांगा, प्लॅनमध्ये मिस कॉल कुणी देतं का? जीबी देतात, मिनिटं देतात, एसएमएस देतात, हल्ली तर पिक्चर बघायला देतात, गाणी ऐकायला देतात… पण 'शंभर मिस कॉल फ्री' असा बोर्ड तुम्ही कुठे वाचलाय? एकोणीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. दहिवलीत पुलाच्या अलीकडे माझं दुकान, 'जगदीश मोबाइल', बाहेर झेरॉक्स, आत रिचार्ज, भिंतीवर कव्हरं… काय काय गिऱ्हाईक बघितलंय म्हणून सांगू. एकाचा फोन पाण्यात पडला, त्यानं तो तांदळाच्या डब्यासकट आणून दिला, आणि फोन सुरू झाल्यावर डब्यातले तांदूळ मोजून नेले. पण मिस कॉल किती, हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते विचारलं हवाबी चाचीनं.

हवाबी चाची तुम्हाला माहीत नसेल, पण तिचं लोणचं तुम्ही खाल्लेलं असणार. कळंबकडच्या कुठल्याही रिसॉर्टवर शनिवार-रविवारचे पाहुणे जेवायला बसतात ना, आणि ते बोटं चाटत विचारतात, 'हे घरचं आहे का हो', आणि मॅनेजर छाती काढून 'हो हो' म्हणतो… ते घर हवाबीचं. आवळा, करवंद, बांबूचे कोंब, जे डोंगरावरून खाली येईल ते बरणीत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, एकटीनं धंदा वाढवला, मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं. मुलगी नमिरा कुवेतला असते, जावई मुझम्मिल तिकडे एसीच्या कंपनीत. आणि नमिराचं पहिलं बाळंतपण. म्हणजे आई जाणार, हे सांगायला नको. व्हिसा झाला, तिकीट झालं, मेथीचे लाडू झाले, वजन जास्त होतं म्हणून लाडू काढून कपडे ठेवले, मग कपडे काढून परत लाडू ठेवले… आणि शेवटी उरला फोन. तर म्हणाली, चला, जगदीशकडे.

आता माझं काय चुकलं? गिऱ्हाईक परदेशी चाललंय, पहिल्यांदा चाललंय, तीन महिने चाललंय. अहो, अशा वेळी दुकानदाराच्या मनात जी काही पहाट होते ती तुम्हाला नाही कळायची! मी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, कागदावर तीन रकाने आखले. एक छोटा पॅक, एक मधला, आणि एक दणदणीत चार आकडी, रोजचा डेटा, शंभर मिनिटं, बोला, बघा, मजा करा. आणि मधला हा मुद्दाम असा वाईट मांडायचा की माणूस आपसूक दणदणीतकडे जातो, ही ह्या धंद्यातली विद्या आहे, फुकट सांगतोय तुम्हाला. बाईनं कागद हातात घेतला, चष्मा लावला, चहा प्यायली, बशी पुसून खाली ठेवली… आणि म्हणे मिस कॉल किती देतात.

बरं, ती एकटी आली असती तर एक वेळ गुंडाळली असती. बरोबर हसनचाचा. हा तिचा धाकटा दीर. वीस वर्षं आखातात काढून आलेला माणूस, परत येऊन पंधरा वर्षं झाली पण पाय अजून विमानातच. त्याचं आपलं एकच, "भाबी, माझं ऐक. विमान टेकलं की पहिलं तिथलं सिम. हितलं सिम काढायचं, पाकिटात ठेवायचं, विसरायचं. आमच्या वेळी आमी चिठ्ठी टाकायचो, दीड महिन्यानं उत्तर यायचं, मेलो काय?" आणि तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर जावई, "अम्मी, काही घेऊ नका, घरात वायफाय आहे, गाडीत माझा हॉटस्पॉट आहे, तुम्ही फक्त या." म्हणजे एक म्हणतो तिथलं घ्या, दुसरा म्हणतो काहीच घेऊ नका, मी म्हणतो माझं घ्या… आणि बाई तिघांकडे अशी बघतेय जशी चिंच विकणाऱ्या तीन बायकांकडे बघावी. सगळ्यांचं ऐकलं, कुणाला दुखावलं नाही, आणि मग शांतपणे म्हणाली, "तुमच्या तिघांच्या प्लॅनमध्ये भागी कुठं हाय?"

झालं. आता भागी कोण, ते सांगायला पाहिजे. पळसदरीच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी गाडीरस्ता संपतो, तिथून पाऊण तास चढून गेलं की एक वाडी लागते, सोळा-सतरा घरं. भागी तिथली. हवाबीला आवळा, करवंद, कोंब आणून देते ती भागी. वीस-बावीस वर्षांची ओळख, ओळख कसली, भांडण म्हणा. दोघी भेटल्या की पहिलं भांडण, मग चहा, मग मापात परत भांडण. तर वाडीवर नेटवर्क नाही. म्हणजे आहे, पण एकाच जागी, पाण्याच्या टाकीवर. लोखंडी शिडी चढून वर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. भागी साठीची आहे, पण रोज सकाळी पावणेसहाला पाण्याला आली की हंडा खाली आणि भागी वर. बटणाचा फोन, मीच विकलेला, त्यात मीच बसवून दिलेलं, दोनचं बटण दाबून धरलं की हवाबी, तीनचं दाबलं की मुलगा लडकू. आणि ती फोन करत नाही. मिस कॉल देते.

त्याची भाषा ठरलेली आहे. एकदा वाजून बंद झाला, म्हणजे आमी बरी हाव. दोनदा वाजला, म्हणजे माल काढलाय, गाडी पाठव. आणि वाजतच राहिला, थांबेचना, तर काय असेल ते टाकून धाव. बस, एवढंच. फोन आल्यापासून दोघींचा धंदा ह्यावरच चाललाय, लग्नं झाली, मयतं झाली, दोन वेळा साप चावला, सगळं ह्या तीन रिंगांवर. नियम एकच, हवाबीनं उचलायचा नाही. उचलला की भागीचा बॅलन्स जातो. नमिरा लहान असताना तिनं एकदा चुकून उचलला होता, तर भागी डोंगर उतरून थेट दहिवलीला आली भांडायला. मी एकदा हवाबीला म्हटलं, चाची, भागीबाईला अनलिमिटेड मारून देऊ की, तुम्हाला जड आहे का? तर म्हणाली, "मला जड नाय रं. पण माझ्या पैशानं ती मला फोन करणार आणि सांगणार मी बरी हाय, त्यात काय मजा? ती तिच्या पायानं टाकीवर चढती ना, त्यातच मला कळतं ती बरी हाय." एकोणीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, फोन कशासाठी असतो हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा कुणी असं सांगितलं नव्हतं.

आणि ह्या खेपेला गोष्ट नुसत्या आवळ्याची नव्हती. भागीची सून सुनंदा, तिलाही नववा लागत होता. नमिरा तिकडे, सुनंदा इकडे, दोघींचे दिवस पाठोपाठ. सुनंदाचं रक्तदाबाचं काहीतरी होतं, डॉक्टरनं बजावलेलं, पोटात दुखायला लागलं की घरी थांबायचं नाही, लगेच खाली आणायचं. लडकू पनवेलला सेंट्रिंगच्या कामावर, आठवड्यानं येतो. मग खाली गाडी कुणी उभी करायची, दवाखान्यात कुणाला आधी सांगून ठेवायचं? ही सगळी मोट आजवर बांधली हवाबीनं. भागीनं टाकीवरून रिंग सोडायची, बाकी हवाबी बघणार. आणि आता तीच निघाली कुवेतला. म्हणजे बघा, एका हातात स्वतःची लेक आणि दुसऱ्या हातात दुसरीची सून, आणि मधे समुद्र… आणि मी तिला रोजचे दीड जीबी दाखवत होतो.

मग काय, म्हणाली, "कंपनीला फोन लाव." लावला. कस्टमर केअरची मुलगी, "आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" हवाबी विचारते, बेटी, मी कुवेतला असताना माझा हाच नंबर वाजला आणि मी नाय उचलला, तर पैसे पडतात काय? मुलगी म्हणाली, नाही मॅम, रोमिंग चालू ठेवा, डेटा बंद ठेवा, उचललात तरच चार्ज. झालं ना? नाही. हवाबी म्हणाली, परत लाव. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "एकटीचं काय धरतोस, चुकली असंल बिचारी." दुसरा फोन, दुसरी मुलगी, तेच उत्तर. तिसरा फोन, एक मुलगा, तेच उत्तर, वर त्याला विचारलं गाव कुठलं, तो म्हणाला इंदूर, मग त्याला आवळ्याचं लोणचं मुरवताना मीठ कधी घालायचं ते सांगितलं, आणि तुम्हाला सांगतो, तो ऐकत होता, लिहून घेत होता. तीन साक्षीदार झाल्यावर बाई उठली. रोमिंग नुसतं चालू, डेटा बंद, बोलायला लेकीचं वायफाय. पॅक कुठला? कुठलाच नाही. अडीच तास, दोन चहा, तीन रकाने… आणि माझ्याकडून घेतलं काय, तर एक कव्हर. तेसुद्धा घासाघीस करून.

राग आला का? आला. खोटं कशाला बोलू. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी शटर ओढताना मी मनातल्या मनात हात जोडले. चौथी शिकलेली बाई. मी डिप्लोमावाला. आणि सगळ्या कंपनीच्या जाळ्यातून तिला जे पाहिजे तेवढंच तिनं अलगद काढून घेतलं, करवंदीच्या जाळीतून काटा न लागता करवंद काढावं तसं.

गेली. विमान पोचलं, दुसऱ्या दिवशी पावणेसहाला भागीनं रिंग दिली, कुवेतला सव्वातीन, बाई उशाशी फोन घेऊन जागी. वाजला. एकदाच. न उचलता तिनं नमिराला उठवून सांगितलं, भागी बरी हाय. नमिरा म्हणाली, अम्मी, झोपा. असे अकरा दिवस बिनबोभाट गेले. बाईचा प्लॅन असा चालला होता की काय बिशाद… आणि मग त्यात मी तोंड घातलं.

झालं असं, की बाराव्या दिवशी भागी आली दुकानात, तिचा महिन्याचा रिचार्ज मारायला. डोक्यावर लाकडाची मोळी, ती दारात टेकवली, आणि मला विचारते, "शेट, हवाबीला मिस कॉल देती मी, त्यो तिकडं पोचतो ना?" आता एवढंच म्हणायचं होतं, हो पोचतो. संपलं. पण दुकानात चार माणसं उभी होती हो. आणि चार माणसं उभी असली की मला अंगात येतं. मी म्हणालो, "भागीबाई, पोचतो म्हणजे काय? तुमचा मिस कॉल इथून उठतो तो आकाशात जातो, समुद्र ओलांडतो, कुवेतच्या टॉवरवर उतरतो. त्याला इंटरनॅशनल रोमिंग म्हणतात. खायचं काम नाही. मिनिटाला किती पडतात ठाऊक आहे? तुमच्या आख्ख्या महिन्याच्या रिचार्जमध्ये दोन मिनिटं पण नाही होणार." उचलली जीभ लावली टाळ्याला. उचलला तर पडतात, हे शेपूट मी खाऊन टाकलं. समोरची चार माणसं 'अरे बापरे' म्हणाली, मी कॉलर ताठ केली. भागी "बरं" म्हणाली, मोळी डोक्यावर घेतली आणि गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी. मंगळवार, दुपारचा दीड. छायानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डब्यात वालाचं बिरडं दिलेलं, मी पहिला घास हातात घेतला आणि व्हॉट्सअॅप वाजलं. कुवेत. मला वाटलं नमिराची सुटका झाली असेल, मी आपलं हसत उचलला, "काय चाची, मुलगा का मुलगी?" तिकडून आवाज असा, की हातातला घास डब्यात गेला.

"जगदीश, भागीचा फोन नाय आला."

मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. म्हणाली, "बॅटरी उतरली तर ती शेजारच्या गौराबाईच्या फोनवरनं देती." म्हटलं, कंटाळा केला असेल. म्हणाली, "पाय मोडला होता तवा लडकूला वर चढवला होता तिनं. काल नाय आला, म्हटलं पाण्याला उशीर झाला असंल. आज पन नाय आला. तू तिला लाव." लावला. 'आपण डायल केलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' ते तर असणारच, टाकीवर चढल्याशिवाय ती कुठल्याच क्षेत्रात नसते. तसं सांगितलं. तर ती हळूच विचारते, "जगदीश, तू तिला काय बोललास काय?"

तुम्हाला सांगतो, पोलिसांनी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. कुवेतमधून, अडीच-तीन हजार किलोमीटरवरून, नुसत्या एका न आलेल्या रिंगेवरून ह्या बाईला कळतं की दहिवलीत जगदीश काहीतरी बरळलाय! मी सांगितलं सगळं. टॉवर, समुद्र, मिनिटाला किती, सगळं. मला वाटलं आता ती मला सोलून काढणार. तर तिनं रागच केला नाही. तेच वाईट हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग एवढंच म्हणाली, "दुकान बंद कर. वर जा." मी काहीतरी म्हणत होतो, चाची, झेरॉक्सला माणूस बसलाय… फोन बंद. आणि मी शटर ओढून वळतोय तर समोर रिझवानची इको उभी. रिझवान हा तिचा पुतण्या, स्टेशनवर गाडी लावतो. तो म्हणाला, "बसा जगदीशभाई, चाचीनं धाडलंय." म्हणजे मला फोन करायच्या आधी तिनं गाडी सोडली होती. माझ्यावर तिचा भरवसा केवढा, ते बघा.

पळसदरी मागे पडली, रस्ता संपला, आणि आम्ही गाडीतून उतरून वर बघतोय, तर समोरच्या उतारावरून बायका येत होत्या. सहा बायका. दोघी पुढे, दोघी मागे, बांबूला गोधडीची झोळी, झोळीत सुनंदा. पुरुष सगळे कामाला गेलेले. आणि सगळ्यांच्या पुढे भागी, वाटेतले दगड पायानं बाजूला सारत. सकाळपासून दुखत होतं. तिनं टाकीवर चढून लडकूला लावला होता सात वेळा, तो स्लॅबवर, फोन खाली डब्याच्या पिशवीत. मग म्हणाली, चला, उचला. रस्त्याला लागलं की कुणाची तरी गाडी गावेल. पाऊण तासाचा उतार, रस्ता लागल्यावर त्या वेळी तिथे कुत्रंसुद्धा नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.

मी धावलो, बांबूला खांदा दिला, आणि धापा टाकत तिच्यावरच ओरडलो, "अगं भागीबाई, दोनचं बटण होतं ना, हवाबीला का नाही दिलास?" तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमीच सांगितलाव ना शेट, मिनटाला इतकं पडतं म्हनून. तिची पोर तिकडं परमुलखात बाळंत व्हायची, तिलाच किती लागत असंल. त्यात आमी हितून तिला आनि कशाला खड्ड्यात घालायची?" रागानं नाही हो म्हणाली. हिशेबानंच म्हणाली, जसं आपण म्हणतो, शेजारी आजारी आहे, रेडिओ हळू लाव. ही इकडे तिचा पैसा वाचवतेय, ती तिकडे हिच्यासाठी उशाला फोन घेऊन जागतेय, आणि मधे मी, अतिशहाणा, रोमिंगचा मास्तर.

रिझवाननं गाडी अशी हाकली की मी आयुष्यात पहिल्यांदा सीटबेल्ट लावला. कर्जतला दवाखान्याच्या दारात पोचलो तर स्ट्रेचर बाहेर काढून तयार, नर्स उभी, "हवाबीचे पेशंट ना?" म्हणाली. कुवेतमधून बाईनं तिथेही वायफाय पोचवला होता. सुनंदाला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर, भागी, मी, रिझवान. सव्वापाचला नर्स बाहेर आली, "मुलगी आहे, दोघी ठीक आहेत, वेळेत आणलंत." भागीनं नुसती मान हलवली, पदरानं तोंड पुसलं, आणि उठून अंगणात गेली. तिथे मोकळ्यात उभं राहून तिनं फोन काढला, आणि दोनचं बटण दाबून धरलं. मी म्हटलं, दे, बिनधास्त दे, न उचललेल्याला पैसे नाहीत, तीन जणांनी सांगितलंय. एक रिंग झाली. भागी बंद करायला अंगठा नेते…

आणि तिकडून उचलला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हवाबीनं फोन उचलला. तोही रोमिंगवर, इंटरनॅशनल, मिनिटाला तुम्हाला सांगितलं तसं. भागीची पाचावर धारण बसली, "अगं ए, उचललास कशाला, ठेव, ठेव आधी, पैसं जात्यात तुझं!" आणि फोन एवढा मोठ्यानं की मला लांबून ऐकू येत होतं, हवाबी म्हणत होती, "जाऊ देत. गप. बोल तू." मग भागी बोलली. पहिलं भांडण, मग पोरगी कुणासारखी दिसते, मग परत भांडण. तेरा मिनिटं. एकोणीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, इतका महाग फोन मी कुणाचा बघितला नव्हता, आणि इतका वसूल झालेलाही नव्हता. मी तिथे दवाखान्याच्या अंगणात उभा राहून रडलो, बरं का. रिझवान म्हणाला, धूळ गेली काय? म्हटलं, हो.

चार दिवसांनी नमिराचीही सुटका झाली, मुलगा. हवाबीचा मला फोन, मुझम्मिलच्या वायफायवरून. मी अभिनंदन करतोय, माफी मागतोय, तर ती म्हणते, "ते राहू दे. तुझ्या वागण्यावरनं मला एक कळलं, एका फोनवर विसंबून नाय चालत. भागीला सांगितलंय मी. चारच्या बटणावर तुझा नंबर बसवून दे." मी म्हटलं, चाची, पण तुमचा तर व्यवस्थित चाललाय… म्हणाली, "माझा चाललाय रं. पण मी लांब हाय. तू जवळ हाइस." आणि ठेवला. माझं उत्तर ऐकायला थांबली नाही, कारण ते तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून हे असं आहे. पहाटे पावणेसहा. उशाशी फोन. मी उठलेलो असतो, कारण तो वाजायच्या आधी झोप उघडते. आज सकाळी पावणेसहा झाले, सहा झाले, सहा वाजून पाच झाले, वाजेना… मी उठून शर्ट चढवला, गाडीची किल्ली घेतली, एक पाय चपलेत घातला, आणि तेव्हा वाजला. एकदाच. मी मटकन् पायरीवर बसलो. आतून छाया, झोपेतून, "कोण बाई आहे ती रोज पहाटे? आणि एवढा जीव टांगणीला लागतो तर उचला की एकदा, विचारा कशी आहेस म्हणून."

उचला म्हणे. आता ह्या बायकोला कोण सांगणार… उचलला तर भागीचा बॅलन्स जाईल ना.